गोलाईच्या आठवणींना पुरावा मानावे का?

लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होते. तेव्हा या जिल्ह्यातल्या व्यापारी वास्तूंची गोष्ट निघाली की लातूरच्या गंज गोलाईला टाळता येत नाही. निजामी राजवटीत, 1917 साली, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर ही दुमजली गोलाकार इमारत उभी राहिली. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती दुकाने आणि तिथून फुटणारे 16 रस्ते. सोनेनाणे, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाच्या पेठा या रस्त्यांवर वसल्या. कागदोपत्री वर्ष सापडते, रचनाकार सापडतो. पण कोणत्या गाळ्यात कोण बसे, उधारी कोणाकडे चाले, हमाल दुपारी कुठे टेकत, हे फक्त शेजाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून ते आठवणींतूनच नोंदवले पाहिजे.

यावर आक्षेप ठरलेला: आठवण फसवी असते, जुन्या काळाला उगाच गोड करते. खरे आहे, सनावळ्यांच्या बाबतीत तर फारच. पण ‘गुळाच्या दुकानाला लागून चपलांचे दुकान’ असे तिघे वेगवेगळे सांगत असतील, तर ती थाप सहसा नसते. शिवाय ताळा घेता येतो: भाडेपावत्या, दुकानांच्या जुन्या पाट्या, मोडीत किंवा उर्दूत लिहिलेल्या वह्या. या वह्या मालकाचे नाव सांगतील, हमालाचे क्वचितच; तिथे म्हाताऱ्या गिऱ्हाइकालाच विचारावे लागेल, आणि तेही लवकर.