खुराड्यातलं वेगळं बिऱ्हाड

घरामागच्या मोकळ्या जागेत आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या खुराड्यात एक लहानशी आतली खोली आहे का? नसली तर येत्या सुट्टीत करून घ्या. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. माळ्यावर जुन्या खिडकीची चौकट पडलेली असली तर खर्चही फारसा येत नाही.

कोंबड्यांच्यात थोरली-धाकटी ठरलेली असते, हे तुम्ही पाहिलंच असेल. एखादी लंगडली, मलूल झाली की बाकीच्या तिला दाण्यापाशी येऊ देत नाहीत. रक्त दिसलं तर तिथेच टोचत राहतात. आमच्या शेजारणीची एक तलंग, नुकती अंड्यावर आलेली, बोक्याच्या पंजातून सुटली आणि खुराड्यातल्या सोबतिणींच्या चोचींनी मेली! जखम साधी होती.

"डालग्याखाली झाकून पडवीत ठेवतो की आम्ही," असं तुम्ही म्हणाल. ठेवता खऱ्या, पण आठ-दहा दिवसांनी तिला परत सोडलीत की ती परकी ठरते आणि पुन्हा मारामारी. आतल्या खोलीला जाळी असल्यामुळे सगळ्या एकमेकींना दिसत राहतात, तिची जागा जात नाही.

खोली तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पुरे. कोपरा निवडा, म्हणजे दोन भिंती आयत्या मिळतात. उरलेल्या दोन बाजूंना आणि वरूनही जाळी. जाळी अर्ध्या इंचाचीच घ्या, मोठ्या भोकांतून पिलं निसटतात. खाली सहा इंचांची फळी मारली की वारा थेट अंगावर येत नाही. रात्री बसायच्या दांडीखाली मात्र ही खोली नको, नाहीतर सगळी शीट आतलीच्या डोक्यावर! दार एवढं असावं की हात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं आत वेगळं ठेवा.

या खोलीचा खरा उपयोग खुडूक कोंबडीला. ती रवणाला बसली की बाकीच्या तिच्याच टोपलीत शिरून अंडी घालतात. मग काही अंडी आज फुटतात, काही चार दिवसांनी, आणि पहिली पिलं घेऊन आई उठली की मागची वाया जातात. म्हणून तिला रात्री उचलून आतल्या टोपलीत ठेवा, अंधारात ती कुरकुर करत नाही. टोपलीत भाताचा पेंढा घाला. गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंड्यामागे बॅटरी धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं चांगलं, नितळ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिलं बाहेर येतात. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, ती खायला-प्यायला उठते. तेव्हा तिला हाकलून परत बसवायची घाई करू नका.

पण पिलं नकोच असतील तर? तोपर्यंत ती अंडी देत नाही, आणि घरच्या अंड्यांच्या चार पैशांवर तुमची भिशी चालत असेल तर हे परवडत नाही. आमच्या सासूबाई नाकातून पीस ओवतात. कुणी थंड पाण्यात बुचकळतात, कुणी उपाशी ठेवतात. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही मला हे पटत नाही. त्यापेक्षा या खोलीत पेंढा-टोपली काही न ठेवता विटांवर उचललेली पट्ट्यांची फळी ठेवा, खालून वारा खेळेल अशी. पोटाला ऊब मिळाली नाही की खुडूक मोडते. दाणा-पाणी मात्र भरपूर द्या. बहुतेक तीन-चार दिवसांत ती उठते, एखादी हट्टी आठवडा घेते.

आजाराचं मात्र नीट समजून घ्या. लंगडी, जखमी, अंडं अडलेली, अशांना ही खोली योग्य. पण डोळे मिटून पिसं फुगवून बसलेली, हिरवट जुलाब होणारी, नाकातोंडातून चिकट गळणारी किंवा मान वाकडी झालेली कोंबडी तिथे ठेवू नका! जाळीतून चोच जात नसली तरी हवा जाते. तिला खुराड्यापासून लांब, दुसऱ्या पडवीत न्या. आधी निरोगी कोंबड्यांना दाणा घालायचा, मग तिच्याकडे जायचं, आणि परतताना हात धुऊन चप्पल बदलायची. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही दोन-तीन आठवडे अशीच बाहेर.

ज्याला आपण मानमोडी म्हणतो त्या राणीखेत रोगावर औषध नाही, लसच आहे. पिलू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. पुढच्या लसींचं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्या उकिरड्यावर फेकू नका, कापूनही खाऊ नका, दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

बरी झालेली कोंबडी तिन्हीसांजेला, बाकीच्या दांडीवर बसल्या की, हळूच त्यांच्यात नेऊन ठेवा. मग खोलीतला पेंढा जाळा, फळी घासून उन्हात टाका, चुना मारून चार दिवस रिकामी राहू द्या. रिकामी आहे म्हणून तिथे दाण्याचं पोतं तेवढं ठेवू नका. उंदीर त्याच वासावर येतात, आणि उंदरांमागून साप.