मर्जानच्या दगडातली वस्ती

आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे अब्बा चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जातात. मोठेपणी काय होणार, असे विचारले की आयटीआय, इंजिनिअर, नर्स अशी ठरलेली उत्तरे येतात. गांडुळाचा पाठ शिकवताना आम्ही एकदा सांगितले की, समुद्रातही गांडुळाचे भाऊबंद राहतात आणि ते शोधून मोजणे हेच काही लोकांचे काम असते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "टीचर, किडे मोजायचा पगार मिळतो?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

उत्तर आपल्या शहरातच आहे. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. १९१६ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था देशातल्या प्राण्यांची नोंद ठेवते. त्यात वाघ येतो, तसा किडाही येतो.

आता समुद्राकडे वळू. उर्दूतला 'मर्जान' हा शब्द सूरह रहमान वाचणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. मराठीत त्याला पोवळे किंवा प्रवाळ म्हणतात. प्रवाळ हा मुळात प्राणी. अनेक जातींचे हे इवले जीव चुन्याचे घर बांधतात आणि त्यांतून समुद्रात खडक उभे राहतात. आपल्या कोकणातही ते आहेत. डॉ. सय्यद झहूर कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली. तीत मालवणही होते. हेच कासिम साहेब १९८१ साली निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते. पुढे १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले.

या खडकांच्या भोकांत आणि फटींत किडे राहतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना केसांचे झुपके असतात, म्हणून त्यांना पॉलिकीट, म्हणजे पुष्कळ केसांचे, असे नाव पडले. जगात त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन बेटावर एका शास्त्रज्ञाने प्रवाळाचा एकच, पावणेपाच किलोच्या आत भरणारा गोळा फोडून पाहिला. १९७३ साली त्याने निष्कर्ष मांडला: १४४१ किडे, १०३ जातींचे!

मोजणी होते कशी? ओहोटीला किंवा पाण्यात बुडी मारून दगडाचा तुकडा आणतात. आपल्याकडे प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. मग छिन्नी-हातोडीने तुकडा फोडतात, किड्यांना गुंगीच्या द्रावणात ठेवतात, पाणी बारीक चाळणीतून गाळतात आणि प्रत्येक नमुना बाटलीत घालून तारीख-ठिकाणाची चिठ्ठी लावतात. खरे काम पुढेच असते. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक केस, एकेक जबडा पाहून जात ठरवायची. धान्य निवडणाऱ्या अम्मीची नजर आणि सबर इथे हवा.

याचा उपयोग काय? हे किडे माशांचे खाद्य आहेत. काही दगड पोखरतात, काही गाळ खाऊन उलटापालट करतात. कॅपिटेला नावाचा किडा तर सांडपाण्याने बाकीचे जीव मेले तरी तिथे फोफावतो. तो वाढला की पाणी बिघडल्याचा इशारा समजावा. इंद्रायणीवर फेस आला की पाणी बिघडले हे आपल्याला कळते. किडे मोजणाऱ्याला ते फेसाच्या आधी कळू शकते. पण त्यासाठी पूर्वी तिथे कोण राहत होते, याची नोंद हवी. नोंदच नसेल, तर काय गमावले हे कसे सांगणार?

सामोआतला पलोलो किडा तर चांद पाहून चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चांद उतरणीला लागून अर्धा झाला की त्याचे थवे अंडी सोडायला वर येतात. म्हणजे आपल्या हिशोबाने महिन्याची साधारण बाविसावी तारीख.

त्या मुलीला आम्ही सांगितले, "पगार मिळतो, बेटा. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. करावे लागते." तिने ते वहीत लिहून घेतले. या वेळी वर्ग हसला नाही.

तुमच्या घरातल्या मुलांनाही या पावसाळ्यात अंगणातली वा कुंडीतली हातभर माती उकरू द्या, गांडुळे मोजून तारखेसह लिहू द्या. हात मळतील, धुता येतात.