दूध वर्ज्य, चॉकलेट नव्हे!

बेळगावला पाहुणा आला की कुंदा, धारवाडहून कोणी आले की पेढा आणि घरात पूजा असली की पंचामृत. आपल्याकडचा आनंद बहुधा दुधातूनच वाटला जातो. त्यामुळे ज्या घरातल्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, त्या घराची पंचाईत सणासुदीलाच जास्त होते. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की वर्गभर चॉकलेटे वाटली जातात. हे एक मूल मात्र आपले चॉकलेट न फोडता दप्तरात घालून घरी आणते आणि विचारते, "आई, हे मला चालतं का गं?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते. पण दर वेळी ते 'नाही'च असायला हवे असे नाही. नीट पारखून आणलेले साधे डार्क चॉकलेट, म्हणजे काळे चॉकलेट, अशा मुलालाही खाता येते. मात्र त्यासाठी घरातल्या मोठ्यांना थोडा अभ्यास करावा लागतो.

न पचणे वेगळे, ॲलर्जी वेगळी

'दूध सोसत नाही' हे वाक्य आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. काहींना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर त्यांच्या आतड्यात पुरेसे तयार होत नाही. मग पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. अशा व्यक्तीला चॉकलेटमधला दुधाचा अंश सहसा बाधत नाही.

ॲलर्जीचे तसे नाही. तिथे शरीराची संरक्षणयंत्रणा दुधातल्या प्रथिनांना, म्हणजे केसीन आणि व्हे प्रथिनांना, शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, श्वास लागतो. क्वचित रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतते. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय असतो. खाज थांबवणाऱ्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांचे "एवढ्याशानं काय होतंय? हळूहळू सवय होईल," हे म्हणणे कितीही मायेचे असले तरी ऐकू नये. ॲलर्जीत 'एवढेसे'सुद्धा पुरते. थोडे थोडे देऊन सहनशक्ती वाढवण्याची उपचारपद्धती आहे, पण ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची असते, देवघरातल्या तीर्थाच्या पळीने नव्हे. गाईऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध देणे हाही उपाय नाही. त्यांतली प्रथिने इतकी सारखी असतात की बहुतेकांना त्यांचाही त्रास होतो. तुपातही प्रथिनांचा अंश उरू शकतो. दिलासा एवढाच, की बरीच मुले मोठी होता होता या ॲलर्जीतून बाहेर पडतात. पण ती गेली की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

मुळात चॉकलेटात दूध नव्हतेच

दूध नसलेले चॉकलेट म्हणजे काहीतरी पथ्याचा, बदली पदार्थ असे अनेकांना वाटते. इतिहास नेमका उलटा आहे. मध्य अमेरिकेतले माया आणि ॲझटेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून पाण्यात घुसळून पीत. त्यात मिरची घालत. दुभती जनावरे त्यांच्याकडे नव्हतीच. हे पेय युरोपात गेले, त्यात साखर पडली. १८२८ साली हॉलंडच्या व्हॅन हौटेन यांनी कोकोतली चरबी दाबून वेगळी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८४७ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको, साखर आणि कोकोचीच चरबी एकत्र करून खाण्याची वडी बनवली. त्यात दूध नव्हते.

दुधात पाणी असते आणि पाण्याचे चॉकलेटशी जमत नाही, म्हणून ही जोडी बरीच वर्षे जुळली नाही. ती जमवली स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी, १८७५ च्या सुमारास, आटवलेले दूध वापरून. पुढे १९०५ मध्ये इंग्लंडात 'डेअरी मिल्क' आले. १९४८ साली कॅडबरी भारतात आली आणि आपल्याकडे तर चॉकलेटच्या वडीचे नावच 'कॅडबरी' पडले. त्यामुळे चॉकलेट म्हणजे दुधाचे, हे आपल्या डोक्यात पक्के बसले. खरे तर काळी वडी थोरली आणि दुधाची धाकटी.

नावात काळे, पोटात दूध

मग दुकानातून कोणतेही डार्क चॉकलेट उचलावे का? नाही. इथेच खरी मेख आहे.

पहिली गोष्ट म्हणजे काळ्या म्हणवणाऱ्या कित्येक वड्यांत कडवटपणा कमी करण्यासाठी दुधाची भुकटी किंवा दुधाची चरबी मुद्दाम घातलेली असते. वेष्टनावर ५० किंवा ७० टक्के कोको लिहिले म्हणजे उरलेला भाग नुसत्या साखरेचाच आहे, असे समजू नये.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ज्या यंत्रावर सकाळी दुधाचे चॉकलेट तयार होते, त्याच यंत्रावर दुपारी काळे होते. ही यंत्रे आपल्या भांड्यांसारखी पाण्याने घासूनपुसून धुता येत नाहीत, कारण पाण्याचा अंश राहिला तर चॉकलेट बिघडते आणि जंतूंनाही वाव मिळतो. बऱ्याचदा पुढचेच चॉकलेट यंत्रातून सोडून आधीचे बाहेर ढकलले जाते. कोपऱ्यात राहिलेले दूध मग काळ्या वडीत उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १०० काळ्या वड्या तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले होते. त्यांतल्या फक्त सहा वड्यांच्या घटकांत दुधाचा उल्लेख होता. पण उरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वड्यांत दूध सापडले. 'दूधविरहित' लिहिलेल्याही काही वड्या त्यात होत्या.

वेष्टन कसे वाचावे?

भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ॲलर्जी आणणाऱ्या प्रमुख घटकांचा स्वतंत्र उल्लेख वेष्टनावर करावा लागतो आणि दूध त्यांपैकी एक आहे. घटकांच्या यादीनंतर 'कंटेन्स मिल्क' असे असेल, तर दूध घातलेले आहे. 'मे कंटेन मिल्क' असेल, तर ते शिरलेले असू शकते. ॲलर्जी असलेल्यांनी दोन्ही वड्या परत ठेवाव्यात.

यादीत मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे, केसिनेट, लॅक्टोज यांपैकी काही दिसले तर ते दूधच समजावे. उलट 'कोको बटर' वाचून दचकू नये. ते लोणी नाही, कोकोच्या बियांची चरबी आहे. लेसिथिन (३२२) बहुधा सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे असते आणि ४७६ क्रमांकाचा पदार्थ एरंडेल तेलापासून बनवतात. त्यांचा दुधाशी संबंध नाही.

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. तो शाकाहाराची खूण आहे आणि दूध शाकाहारातच मोडते. २०२२ च्या नियमांनी आलेले हिरव्या 'व्ही' अक्षराचे व्हीगन चिन्ह अधिक उपयोगी आहे, पण तेसुद्धा यंत्रातून आलेल्या अंशाची हमी देत नाही. सर्वांत चांगले म्हणजे ज्या कारखान्यात दूध येतच नाही, तिथली वडी शोधणे. कोकोच्या बियांपासून वडीपर्यंत सारे स्वतः करणारे छोटे उत्पादक आता दक्षिण भारतात आहेत. त्यांना सरळ विचारावे, "तुमच्याकडे त्याच यंत्रावर दुधाचे चॉकलेट होते का?"

सहलीहून आणलेल्या सुट्या 'होममेड' चॉकलेटांपासून मात्र लांब राहावे. वेष्टन नाही, यादी नाही. शिवाय ती पुष्कळदा तयार कंपाउंड वितळवून केलेली असतात आणि त्यात दुधाची भुकटी असू शकते. आणि एक, घरी 'जरासे चाटवून बघू' हा प्रयोग करू नये. पूर्वी तीव्र त्रास झाला असेल, तर नवी वडी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एकदा चाललेल्या वडीचेही वेष्टन दर खेपेला वाचावे, कारण कंपन्या घटक बदलतात.

चवीने खावे

एवढी पारख करून आणलेली वडी कराकरा चावून संपवू नये. चांगली वडी मोडताना 'कट्' असा आवाज येतो. तुकडा जिभेवर ठेवून थांबावे. कोकोची चरबी आपल्या अंगाच्या उष्णतेलाच, ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून चॉकलेट तोंडात आपोआप विरघळते. आधी कडू, मग किंचित आंबट, शेवटी गोड अशा चवी उमलतात. मुलांसाठी ५० ते ५५ टक्क्यांपासून सुरुवात करावी. उन्हाळ्यात वडीवर पांढरट थर आला तर ते दूधही नाही आणि बुरशीही नाही, वर आलेली चरबी आहे. वडी घट्ट झाकणाच्या डब्यात, गार जागी ठेवावी.

एक साधी युक्ती अनेक घरांत उपयोगी पडेल. वर्गशिक्षिकेकडे आपल्या मुलाच्या चालणाऱ्या चॉकलेटांचा छोटा डबा नाव घालून ठेवावा. वाढदिवस कुणाचाही असो, सगळ्यांबरोबर त्याच्याही तोंडात काहीतरी पडते. दप्तरात न फोडलेले चॉकलेट घरी आणायची वेळ येत नाही.

नारळाच्या दुधातले चॉकलेट लाडू

साहित्य : दूध नसल्याची खात्री केलेले डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, नारळाचे पहिले दाट दूध ५० मिलिलिटर (पाव वाटी), चिमूटभर मीठ, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस अर्धी वाटी.

कृती : चॉकलेट बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्यावे. नारळाचे दूध गरम करावे, पण उकळू देऊ नये. ते सगळे एकदम चॉकलेटवर ओतून दोन मिनिटे झाकून ठेवावे. मग मीठ घालून मधून बाहेर असे हलक्या हाताने ढवळावे. मिश्रण तुकतुकीत झाले की दोन तास फ्रीजमध्ये ठेवावे. छोटे लाडू वळून खोबऱ्यात घोळवावेत. भांडी आणि चमचे आधी नीट धुतलेले असावेत, दुधातुपाचा हात लागलेले नसावेत. हे लाडू फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत.