यकृताच्या पेशीतली वीस मिनिटं

नवापूरच्या कोंबड्या देशाला ठाऊक झाल्या त्या फेब्रुवारी 2006 मध्ये. भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्रीत सापडला तेव्हा. पण पक्ष्यांच्या मरणातून त्याआधीही एक मोठा शोध लागला होता. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या. कारण निघालं खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवरची बुरशी, आणि तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. 1974 मध्ये पंचमहाल आणि बांसवाड्याच्या भिल्ल वस्त्यांत अवकाळी पावसात भिजून हीच बुरशी चढलेला मका खाऊन 397 जण आजारी पडले, 106 दगावले. त्या घरांतली कुत्रीसुद्धा वाचली नाहीत.

हेच विष थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं की यकृताच्या पेशीत पी-53 नावाच्या जनुकातलं नेमकं एक अक्षर बदलू शकतं.

या जनुकावरून बनणारं पी-53 हे प्रथिन बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. आणि गंमत बघा, निरोगी पेशी ते अखंड बनवते आणि अखंड मोडते. जेमतेम वीस मिनिटांत निम्मं संपतं! त्यावर युबिक्विटिनची खूण चिकटते आणि प्रोटिआसोम नावाचं पेशीतलं यंत्र त्याचे तुकडे करतं. (या खुणेच्या शोधाला 2004 चं नोबेल मिळालं.) एवढी उधळपट्टी कशासाठी? डीएनएला इजा झाली की नवं प्रथिन बनायची वाट बघावी लागत नाही. नुसतं मोडणं थांबवलं की पी-53 चा साठा झरझर वाढतो. मला तरी याहून देखणी व्यवस्था माहीत नाही. अक्षर बदललेलं पी-53 मात्र मोडलं जात नाही, साचत राहतं, आणि कामही करत नाही. मग बिघडलेली पेशी वाढत जाऊन कर्करोग होऊ शकतो.

अशा पेशीपर्यंत आतड्यातूनही निरोप येतात. मेंदूचं म्हणून ओळखलं जाणारं सेरोटोनिन बहुतांशी आतड्यात तयार होतं आणि रक्तातल्या प्लेटलेट त्याची ने-आण करतात. उंदराच्या यकृताचा मोठा भाग कापून काढला, तर तो पुन्हा वाढायला हे सेरोटोनिन लागतं, असं 2006 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं. पुढे प्रयोगशाळेत यकृताच्या कर्करोगाच्या पेशीही त्याच सेरोटोनिनवर वाढताना दिसल्या.

हिपॅटायटिस बी असलेल्या यकृताला अफ्लाटॉक्सिनचा धोका कैक पटींनी जास्त असतो. आणि भाकरी कितीही खरपूस भाजली तरी हे विष पुरतं जात नाही. म्हणून कणीस खळ्यावर आलं की पहिल्या काही दिवसांतच ते कडकडीत वाळायला हवं.