हाली, कलदार आणि बाइट

निजामी राजवटीत आदिलाबाद भागात रुपया म्हणजे हाली शिक्का. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले की रुपया म्हणजे कलदार. शब्द एकच, मोल निराळे: शंभर कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत, म्हणजे सहास सात. हाली चलन १९५९ पर्यंत टिकले. दोन्ही काठांशी देवघेव असणाऱ्याला नुसते ‘रुपये’ लिहून भागण्यासारखे नव्हते; हाली की कलदार, हे सांगावे लागे.

संगणकाच्या आतही अशी एक पैनगंगा आहे. बोथसारख्या गावातली मराठी घरांतली मुले संगणकशास्त्र शिकतात ती इंग्रजीतून, आणि हा भाग बहुधा पाठ करून सोडून देतात. मी साहित्याचा अध्यापक. पण मला हा मुळात शब्द आणि अर्थ यांचा प्रश्न वाटतो, म्हणून येथे मांडतो.

लिनक्ससारख्या प्रणालीत यंत्रावर थेट हुकमत चालवणारा भाग म्हणजे कर्नेल. (‘कर्नल’ लिहिले तर फौजेतला अधिकारी उभा राहतो, मी ‘गाभा’ म्हणतो.) आपण वापरतो त्या आज्ञावल्या गाभ्याबाहेर, म्हणजे युजरस्पेसमध्ये चालतात. गाभ्याकडून काम करून घ्यायचे असेल तर आज्ञावली स्मृतीत माहितीचा एक अर्ज भरून ठेवते आणि गाभा तो वाचतो. अर्जावर रकान्यांची नावे नसतात. कितव्या बाइटपासून काय, एवढेच दोघांना ठाऊक असते.

आता ‘सी’ भाषेतला ‘लाँग’ हा संख्याप्रकार पाहा. लिनक्सवर ३२ बिटांच्या आज्ञावलीत तो ४ बाइटांचा, ६४ बिटांच्या गाभ्यात ८ बाइटांचा. असा नवा गाभा जुनी आज्ञावलीही चालवू शकतो, आणि घोटाळा तिथेच होतो. आज्ञावलीने चार-चार बाइटांच्या दोन संख्या शेजारी ठेवल्या, तर गाभा दोन्ही मिळून एकच संख्या वाचेल. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे व्याकरण आपापल्या जागी शुद्ध असते, त्यामुळे कंपायलर काहीच हरकत घेत नाही. चूक निमूटपणे पुढे जाते.

म्हणून सीमेवर ‘लाँग’ टाळतात आणि ‘यू३२’, ‘यू६४’ अशा धर्तीची नावे वापरतात. माप नावातच आले. हे हाली-कलदारच झाले.

तेवढ्यानेही भागत नाही. अर्जात आधी ४ बाइटांची आणि मग ८ बाइटांची संख्या असेल, तर इंटेलच्या ३२ बिटी व्यवस्थेत दोन्ही लागून बसतात, एकूण १२ बाइट. ६४ बिटी व्यवस्थेत मोठी संख्या आठाच्या पटीवरच बसते. मध्ये ४ बाइट मोकळे राहतात आणि बेरीज १६ होते. मापे जुळली, जागा चुकल्या! जाणकार ही मोकळी जागा स्वतःच नाव देऊन लिहून टाकतात आणि तिथे शून्य भरतात. कवितेतला यतिभंग शिकवताना मला हे उदाहरण फार उपयोगी पडते.

मराठी लिहिणाऱ्याला हा भेद रोज भेटतो, फक्त तिथे संख्येऐवजी अक्षर असते. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडमध्ये त्याची सहा चिन्हे होतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे, म्हणजे एकूण १८. लिनक्सचा गाभा फाइलच्या नावाला २५५ बाइट देतो. इंग्रजीत ती २५५ अक्षरे, देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर मात्र साधारणपणे ही २५५ ची मर्यादा दोन-दोन बाइटांच्या एककांत मोजतात आणि देवनागरीचे चिन्ह एका एककात मावते. त्यामुळे शंभर चिन्हांचे लेखाचे शीर्षक फाइलला दिले, तर ते विंडोजवर सुखाने नांदते आणि लिनक्सवर उतरवताना अडते. मर्यादा दोन्हीकडे २५५ चीच लिहिलेली असते. कशाचे २५५, ते मात्र लिहिलेले नसते.