सिंहगडाची वेळ, लेहची हवा

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायला लागलं, की पाण्याच्या बाटल्या भरून मुद्दाम जड केलेल्या सॅक पाठीवर घेतलेली मंडळी भेटतातच. कुणी लडाखला निघालेलं असतं, कुणी एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला. वर पोचल्यावर आधी मनगटावरचं घड्याळ, मग मडक्यातलं दही. ‘पन्नास मिनिटांत आलो, आता हिमालयाची काळजी नाही,’ हे वाक्य मी तिथे अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी मला धास्ती वाटते.

गड चढायला लागलेल्या वेळेवरून हृदयाची आणि मांड्यांची ताकद कळते. विरळ हवेत शरीर कसं वागेल, ते कळत नाही. सिंहगड समुद्रसपाटीपासून जेमतेम १३०० मीटर उंच. लेह ३५०० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश. बेस कॅम्पला, ५३६४ मीटरवर, जवळपास निम्मा.

रक्तातला ऑक्सिजन घटला की मानेतल्या रोहिणीपाशी असलेला इवलासा पेशीपुंज श्वास वाढवायला लावतो. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि श्वासाला लगाम बसतो. तो सैल करतात मूत्रपिंडं, आणि त्यांना काही दिवस लागतात. कितीही व्यायाम केला तरी हे दिवस वाचत नाहीत.

भारतीय सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये १९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंचावर गेल्यावर आजारी पडलेली ही माणसं सैन्यातली, कष्टाला सरावलेली होती.

कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर लेहमध्ये पहिल्या दिवशी बोटाला लावून बघा. धडधाकट माणसाचाही आकडा नव्वदीच्या आसपास किंवा खाली असतो. सामान घेऊन दोन जिने चढलात, की आणखी घसरतो. श्रम करताना रक्त फुप्फुसांतून इतक्या वेगाने जातं, की विरळ हवेतला ऑक्सिजन घ्यायला त्याला अवधीच पुरत नाही. दम लागणारा माणूस आपोआप हळू चालतो. तयारीचा गडी मात्र पुढे पळतो आणि डोकं ठणकत असलं, मळमळत असलं तरी सांगायला लाजतो. मला खरी काळजी त्याची वाटते.

सराव हवाच, दमलेल्या पायांनी बर्फावर घसरायला होतं. पण पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक मे २०१२मध्ये एव्हरेस्टवर पोचले, तशा मोहिमांतही वर चढून पुन्हा खाली मुक्कामाला येण्यात कित्येक आठवडे जातात. ट्रेकला ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. विमानाने लेहला उतरलात, तर पहिले दोन दिवस गावातच.

आणि सोबती बरळतोय, अडखळतोय असं वाटलं, तर त्याला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज येतेय असं धरा आणि मध्यरात्र असली तरी माणूस सोबत देऊन त्याला खाली उतरवा.