बांगडी घट्ट होते तेव्हा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून भाजीची पिशवी स्वतः आणावी का? काखेतील लसिका ग्रंथी काढल्या असतील, तर हातातील द्रवाचा निचरा मंदावतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही सूज येऊ शकते. रोजची बांगडी घट्ट होणे ही पहिली खूण असू शकते. ती दिसताच बांगडी काढून डॉक्टरांना हात दाखवावा. घरच्यांचा ‘काही उचलू नकोस’ हा आग्रह मायेचा खरा. पण हात जखडून ठेवल्याने खांदा आखडतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज त्यामुळे वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. पिशवी वर्ज्य नाही. आरंभ हलकी पिशवी घेऊन, फिजिओथेरपिस्टला विचारून करावा.